बाकी नेहमीचं

माणूस जन्माला येतो आईच्या पोटी, पण खरा होतो तो टायपिस्टच्या बोटी. पहिल्या घटनेचे साक्षीदार थोडे, आणि तेही बहुतेक घाबरलेले. दुसऱ्या घटनेचा मात्र कागद निघतो. शरीराचं काय, ते दुखतं, सुजतं, बारीक होतं, सकाळी एक सांगतं आणि संध्याकाळी दुसरं. कागद शब्दाचा पक्का. म्हणून शरीर आणि कागद यांच्यात भांडण लागलं की शहाण्यासुरत्या माणसांनी कागदाच्या बाजूने उभं राहावं, अशी सुधारलेल्या जगाची रीत आहे.

ज्यांच्या बोटांतून हे कागद उतरतात त्यांना मेडिकल ट्रान्स्क्रिप्शनिस्ट म्हणतात. (हे नाव आमच्यातल्या सुनांना सासरी अजून नीट सांगता आलेलं नाही. सासरी 'दवाखान्यात असते' एवढंच सांगतात, आणि सासरची मंडळी लगेच गुडघे दाखवायला बसतात.) डॉक्टर रोगी तपासतात, मग यंत्रात बोलतात, आणि ते बोलणं कानाला हेडफोन लावून ही मंडळी टाइप करतात. पायाखाली एक पेडल असतं. दाबलं की डॉक्टर बोलतात, सोडलं की गप्प बसतात. डॉक्टरांना गप्प बसवायची सोय असलेला जगाच्या पाठीवर हा एकच धंदा आहे, आणि तो करणाऱ्यांना पगारही मिळतो.

आमची खोली इस्पितळाच्या मागच्या अंगाला, धुलाईघर आणि लिफ्ट यांच्या मधोमध. एक भिंत कायम कोमट, दुसरी कायम थरथरती. हवेला इस्त्रीच्या चादरींचा वास. इथे कोणी कोणाला नावाने हाक मारत नाही; ज्याच्या वाट्याला जो डॉक्टर, तो अवयव त्याला चिकटतो. हाडवाली, पोटवाल्या वहिनी, कानवाले काका. "पोट आज रजेवर आहे", "कानाला चहा सांगा", "हाडाला जरा हळू बोलायला सांगा" ही वाक्यं इथे इतक्या सहजपणे बोलली जातात की नवीन माणूस पहिल्या आठवड्यात एकदा तरी दाराशी जाऊन पाटी वाचून येतो.

धंदा कठीण, शब्द अवघड, डॉक्टर तोंडात सुपारी धरल्यासारखे बोलणारे. तेव्हा एकमेकांना मदत व्हावी म्हणून खोलीचा फोनवर एक ग्रुप आहे. नाव 'अडलं तर विचारा'. शेजारी बसलेल्या माणसालासुद्धा ग्रुपवरच विचारायचं असतं, कारण त्याच्या कानावर हेडफोन असतो आणि खांद्याला हात लावला तर तो दचकून डॉक्टरांचं अर्धं वाक्य गमावतो. या ग्रुपइतकी निःस्वार्थ संस्था मी पाहिलेली नाही. शंका पडायचा अवकाश, चहूकडून समाधान. पाहणी असं सांगते की दर दहा शंकांतल्या सात स्वल्पविरामाच्या असतात, दोन चहाच्या, आणि एक रोग्याची. (ती दहावी चुकून आलेली असते.)

ग्रुपचे नियम फार नाहीत. जे ऐकलं ते लिहायचं. समजून घेणं हा आगाऊपणा. जेवढं विचारलं तेवढंच सांगायचं. जास्त सांगणं हा त्याहून मोठा आगाऊपणा. आणि रोग्याचं नाव ही रोग्याची खासगी बाब असल्यामुळे ते वाचायचं नाही, फक्त टाइप करायचं. हा शेवटचा नियम नव्या माणसांना जड जातो. जुनी माणसं डोळे उघडे ठेवून पाळतात.

एकदा पोटवाल्या वहिनींनी विचारलं, "डॉक्टर आधी 'रोगी दगावला' म्हणालेत आणि मग 'प्रकृतीत सुधारणा'. परिच्छेद बदलू का?"

उत्तर स्वल्पविरामरावांनी दिलं. हे आमच्यातले विद्वान. यांना अवयव नाही, विरामचिन्हं आहेत. "बदलू नका," ते म्हणाले. "विषय एकाच माणसाचा आहे."

सगळ्यांनी अंगठे दाखवले.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. डॉक्टर कामात असतात. प्रत्येक रोग्याचं डोक्यापासून पायापर्यंत सगळं बोलत बसले तर रोगी बरे कधी करायचे? म्हणून डॉक्टर बिघडलेलं तेवढं बोलतात आणि शेवटी म्हणतात, "बाकी नेहमीचं." हे दोन शब्द कानावर पडले की आम्ही एक कळ दाबतो आणि कागदावर आपोआप पुढचा मजकूर उमटतो:

'रोगी प्रसन्न, बोलायला गोड. डोळे दोन्ही सारखे. श्वास दोन्हीकडे मोकळा. हृदय नियमित, नाडी भरलेली. पोट मऊ, कुठे दुखत नाही. हात दोन्ही सारखे, पाय दोन्ही सारखे. चाल सरळ.'

मोठ्याने म्हणून बघा. याला अंगाईची लय आहे. कानवाल्या काकांची नात याच्यावर झोपते. 'पोट मऊ'पाशी डोळे मिटते, 'चाल सरळ'पर्यंत जागी राहिल्याची नोंद नाही. आणि परिणाम पाहा. आमच्या इस्पितळात आलेला प्रत्येक माणूस प्रसन्न. दाताच्या कळेने भिंतीवर डोकं आपटणारा बोलायला गोड. चौघांनी उचलून आणलेल्याची चाल सरळ. इतकं सुखी शहर दुसरीकडे कुठे असेल असं वाटत नाही, आणि असलंच तर त्यांच्याकडे अशी कळ असणार.

या सुखात एक शिंपी अडखळला.

हा शिंपी म्हणजे आमच्या हाडवालीचे वडील. जखम चिघळून डावा पाय गुडघ्याखाली गेला त्याला बरीच वर्षं झाली. घर वरच्या मजल्यावर, दुकान खाली गल्लीत, मध्ये उभा जिना. कृत्रिम पाय लावून उतरायचे, उजव्या पायाने मशीन चालवायचे. हाडवाली लहानपणी मशीनखाली बसून तो पाय बघायची. "पायाने घाई करायची नाही," ते सांगायचे, "कापड आपणहून येतं." पुढे तिने तेच डॉक्टरांवर वापरलं. आमच्या खोलीत तिच्यासारखा पेडलवरचा पाय कोणाचाच नाही. डॉक्टर तिच्या पायाखालून रेशमासारखे सरकतात.

तर या वडिलांचा तो कृत्रिम पाय मोडला. आधी तडा गेला, तो त्यांनी माप घ्यायच्या टेपने आवळून बांधला. मग जिन्यात टेप सुटली आणि पाय त्यांच्या आधी खाली पोचला. त्या दिवसापासून शिंपी वर आणि दुकान खाली. गिऱ्हाइकं गल्लीतून हाका मारत, हे खिडकीतून माप घेत. "वर येऊ नकोस, इथून दिसतंय. कमरेत वाढलायस. कपड्याला नाव ठेवू नकोस." पण खिडकीतून किती दिवस शिवणार? गाळ्याच्या मालकाने निरोप धाडला होता की दुकानाचं दार असंच बंद राहिलं तर पुढच्या महिन्यात तिथे मोबाइलची कव्हरं विकणारा बसेल. तेव्हा पाय हवा होता, आणि महिना सरायच्या आत हवा होता.

पाय देणारं एक साहाय्य कार्यालय आहे. त्याला इस्पितळाचा अहवाल लागतो. हाडांच्या डॉक्टरांनी शिंप्याला नीट तपासलं, "अरेरे" म्हणाले, पाठीवर थोपटलं, आणि शिंपी गेल्यावर यंत्रात बोलले: "कृत्रिम पाय मोडला आहे, नवीन द्यावा. बाकी नेहमीचं."

पुढच्या आठवड्यात बापलेक रिक्षाने कार्यालयात गेले. खिडकीतला कारकून सभ्य माणूस होता. त्याने अहवाल दोनदा वाचला.

"तुम्हाला दोन पाय आहेत," तो म्हणाला.

"एक आहे," शिंपी म्हणाला.

"इथे 'पाय दोन्ही सारखे' आहे. 'चाल सरळ' आहे."

"अहो, मी समोर उभा आहे. म्हणजे टेकून उभा आहे. बघा ना."

"काका, तुम्ही आज समोर आहात. उद्या तपासणी आली तर समोर काय असेल? कागद."

शिंप्याने पिशवीतून मोडका पाय काढला आणि खिडकीच्या फळीवर ठेवला. कारकुनाने त्याच्याकडे सहानुभूतीने पाहिलं. "हा मोडलाय हे आम्हाला मान्यच आहे," तो म्हणाला. "तसं अहवालात आहे. पण दोन शाबूत आहेत हेही अहवालात आहे. म्हणजे हा तिसरा. तिसऱ्या पायाची तरतूद नाही हो. असती तर दिला असता."

या युक्तिवादात मला आजतागायत फट सापडलेली नाही.

हाडवालीने कागद हातात घेतला. खाली कोपऱ्यात टाइप करणाऱ्याच्या नावाची दोन अक्षरं असतात. तिचीच होती.

बापलेक परत रिक्षात बसले. मग शिंपी म्हणाला, "तूच लिहिलंस होय?"

"हो बाबा."

"नाव नाही वाचलंस?"

"वाचायचं नसतं. नियम आहे."

"बरोबर आहे," शिंपी म्हणाला. "मीही माप घेताना गिऱ्हाइकाचं तोंड बघत नाही." थोडं अंतर गेल्यावर तो पुढे म्हणाला, "पाय मात्र मोजतो."

ती दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर मनाने चांगले. त्यांनी तिथल्या तिथे यंत्र ओढलं आणि पुरवणी बोलून टाकली: "डावा पाय गुडघ्याखाली नाही. बाकी नेहमीचं." तिने टाइप केली. 'बाकी नेहमीचं' गाळता येत नाही; गाळलं तर तपासणीचं यंत्र कागद लाल करून परत पाठवतं. पुरवणी कार्यालयात पोचली. कारकुनाने ती पहिल्या अहवालाशेजारी ठेवून बोटांवर हिशेब केला.

"डावा एक गेला, तरी दोन्ही सारखे आहेत. म्हणजे मुळात तीन होते. त्यात तो मोडलेला धरा." त्याने मान वर केली. "चार पाय खुर्चीला असतात, ताई. खुर्च्यांचं खातं पलीकडच्या खिडकीत."

ती पुन्हा डॉक्टरांकडे गेली. "डॉक्टरसाहेब, या खेपेला तेवढं 'बाकी नेहमीचं' म्हणू नका."

"मग काय म्हणू?"

"जे आहे ते."

डॉक्टर विचारात पडले. यंत्र तोंडाशी धरलं, खाली ठेवलं. इतक्या वर्षांत तशी वेळ आली नव्हती, बोलणं आठवेना. शेवटी त्यांनी तिलाच हळूच विचारलं, "नेहमीच्यात काय काय असतं गं?"

आता ग्रुपशिवाय आधार उरला नाही. तिने लिहिलं: 'माझ्या बाबांना एक पाय आहे. नेहमीच्यात दोन आहेत. महिनाअखेर दुकान जाईल. काय करू?'

खोलीत पेडलं थांबली. ही दहावी शंका होती, आणि ती चुकून आलेली नव्हती. पण ग्रुप संकटात पाठ फिरवणाऱ्यांतला नाही. पहिलं उत्तर स्वल्पविरामरावांचं आलं: "'एक' अक्षरी बरोबर. अंकी लिहू नये." पोटवाल्या वहिनींनी लिहिलं, "'बाबा' अहवालात चालत नाही गं. 'रोग्याचे वडील' कर. की रोगी म्हणजेच वडील?" कानवाल्या काकांनी अंगठा पाठवला, मग तो काढून हात जोडलेले पाठवले, मग तेही काढले.

हाडवालीने हेडफोन उतरवला. आमच्या खोलीत माणूस मोठ्याने बोलला तर आग लागली असं समजायचं. ती मोठ्याने बोलली. "मला विरामचिन्ह नकोय. मला पाय हवाय."

सगळ्यांनी हेडफोन उतरवले. धुलाईघराचा आवाज पहिल्यांदाच इतका स्पष्ट ऐकू आला.

"पाय आपल्या हातात नाही," स्वल्पविरामराव म्हणाले. "नेहमीचं मात्र आहे. त्यात एक 'असल्यास' घालता येईल. 'पाय, असल्यास, दोन्ही सारखे.' दोन्हीकडे स्वल्पविराम." हे बोलताना त्यांचा चेहरा असा उजळला होता की जन्मभराची तयारी याच वाक्यासाठी चालली असावी.

पण 'नेहमीचं' बदलायचा अधिकार एकट्या थोरल्या ताईंचा. ताई निवृत्त होऊनही रोज येतात, लिफ्टच्या थरथरत्या भिंतीला पाठ लावून बसतात आणि कोणाला काही शिकवत नाहीत. तो मजकूर त्यांनीच पहिल्यांदा टाइप केलेला.

"नाही," ताई म्हणाल्या. "त्याला हात लावायचा नाही."

"का पण?" हाडवालीने विचारलं.

"ते माझ्या ह्यांचं आहे."

मग कळलं ते असं. ताईंचे यजमान या इस्पितळाचे लिफ्टवाले. नोकरीला लागताना त्यांची तपासणी झाली. त्या दिवशी डॉक्टरांना सवड होती, पाऊसपाण्यामुळे रोगी नव्हते, त्यामुळे डॉक्टरांनी एक माणूस पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळा बोलून दाखवला, आयुष्यातला पहिला आणि शेवटचा. टाइप करायला ताई होत्या. लग्न तेव्हा व्हायचं होतं. (नाव न वाचण्याचा नियम त्या दिवशी मोडला गेल्याचं ताई नाकारत नाहीत.) पुढे डॉक्टर कंटाळले की म्हणत, "लिफ्टवाल्यासारखंच." मग नुसतं "नेहमीचं". आणि अशा रीतीने या शहरातल्या प्रत्येक माणसाचे डोळे, पोट, नाडी आणि पाय त्या एका लिफ्टवाल्याचे झाले. त्यांच्या स्वतःच्या शेवटच्या अहवालातही हृदय नियमितच होतं. त्यात नवल नाही. ते वाक्य त्यांच्याच हृदयावरून घेतलेलं.

भिंतीआड लिफ्ट वर गेली.

"म्हणजे ताई," हाडवाली म्हणाली, "माझ्या बाबांचा डावा पाय तुमच्या ह्यांचा आहे."

ताईंनी तिच्याकडे पाहिलं. "मग चालत का नाही?" त्या म्हणाल्या. "त्यांचा तर भारी चालायचा. हातात अख्खी लिफ्ट, पण मला भेटायला यायचे जिन्याने. लिफ्टने आलं की मजल्या-मजल्यावर कळतं म्हणायचे."

"बाबांनाही जिनाच उतरायचा आहे."

ताईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. "घाल," त्या म्हणाल्या. "पायाला घाल. एका शिंप्याचं दुकान अडलंय म्हटल्यावर त्यांनी तो काढूनच दिला असता. देऊन वर लंगडी घालत लिफ्ट चालवली असती, मेला."

एकदा सुधारणा सुरू झाली की मध्येच थांबवता येत नाही. एकट्या पायाला 'असल्यास' लावणं शैलीच्या दृष्टीने विसंगत, असं स्वल्पविरामरावांनी दाखवून दिलं. तेव्हा हातांनाही लावलं, डोळ्यांनाही, पोटालाही. 'रोगी, असल्यास, प्रसन्न' याला मतदान घ्यावं लागलं; बहुमताने मंजूर झालं. हृदयापाशी मात्र ताई अडल्या. "तिथे नाही," त्या म्हणाल्या. "ते होतं." स्वल्पविरामराव काहीतरी बोलणार होते. कानवाल्या काकांनी त्यांच्या पायावर पाय दिला, पेडल समजून, आणि ते गप्प बसले.

नवी पुरवणी गेली: 'डावा पाय गुडघ्याखाली नाही. पाय, असल्यास, दोन्ही सारखे. चाल, असल्यास, सरळ.' कारकुनाने वाचली आणि त्याच्या खांद्यावरचं ओझं उतरल्याचं खिडकीबाहेरूनही दिसलं. "हे कसं स्वच्छ आहे," तो म्हणाला. "यात आता काहीच नाही." आणि पाय मंजूर झाला.

पाय आला तो सुरेख होता. चकचकीत, हलका, घोट्यात वळणारा. फक्त उजवा होता. कार्यालयाने अहवाल काटेकोर पाळला होता. 'दोन्ही सारखे' म्हटल्यावर दोन्ही सारखे.

शिंप्याने तो लावला, उभा राहिला, खाली पाहिलं. दोन्ही अंगठे एकाच दिशेला, शाळेत रांग लावल्यासारखे.

"परत करू या का बाबा?" हाडवालीने विचारलं.

"नको," शिंपी म्हणाला. "परत केला तर पाच होतील." आणि कठडा धरून जिना उतरू लागला. चाल सरळ नव्हती. जरा डावीकडे ओढत होती, नव्या जोडीदाराची ओळख होईतो ओढणारच. खाली त्याने दाराचं कुलूप काढलं, मशीनवरची धूळ फुंकरली, जुन्या उजव्या पायाने पेडल दाबून पाहिलं. कव्हरवाला समोरच्या टपरीवर चहा पीत जागा पाहायला आला होता. त्याने चहा संपवला आणि विजार उसवली होती ती शिवायला टाकून गेला.

हाडवाली त्यानंतर नावं वाचू लागली. खोलीत याबद्दल नाराजी आहे. तिचं काम मंदावलं आहे. परवा तिने ग्रुपवर विचारलं, 'हे आजोबा बोलायला गोड आहेत का, कोणी पाहिलंय का त्यांना?' यावर अजून एकाही सभासदाने अंगठा दाखवलेला नाही.

बाकी नेहमीचं.

आता वाचक म्हणतील, आमचा याच्याशी काय संबंध. आपण कधीतरी कुठल्यातरी इस्पितळात गेला असालच. घरी कपाटात, लग्नाच्या अल्बमखाली, आपला अहवाल पडला असेल. काढून वाचावा. गोष्ट वाचून आपला चेहरा कसा झाला आहे ते आम्हाला दिसत नाही, पण तिथे आपण प्रसन्न आहात, बोलायला गोड आहात, आणि आपल्या छातीत एका लिफ्टवाल्याचं हृदय नियमित चाललेलं आहे. सांभाळून वापरावं. आणि त्या कागदात शोधूनही कुठे आपलं स्वतःचं असं काही सापडलं, तर टाइप करताना आमच्याकडून चूक झाली आहे असं समजावं. कळवावं. दुरुस्त करून देऊ.